पेण ते रोहा : रस्त्यालगतच्या पाच न्याऱ्या गोष्टी, कुठे थांबायचं आणि काय बघायचं

पेण / रोहा : मुंबईहून पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो. समुद्र बघायचा तर अलिबाग, देवदर्शन करायचं तर पाली, एवढंच आपल्याला सुचतं. पण मुंबई-गोवा महामार्गावर पेण ते कोलाड आणि तिथून आत रोह्यापर्यंत थांबून बघावं असं बरंच आहे. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर गावात १९६४ साली रस्त्याच्या कडेला एक भलंमोठं केळं उभारलं. गाड्या थांबाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. आपल्याकडच्या गोष्टी मात्र कोणी पर्यटकांसाठी उभारलेल्या नाहीत. त्या कामाच्या आहेत किंवा परंपरेच्या आहेत. म्हणून त्या बघताना वेळही पाळावी लागते आणि रीतही.

१) हमरापूर-जोहेचे उंच गणपती

मुंबईकडून येताना खारपाड्याचा पूल ओलांडून पुढे आलं की हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांचा पट्टा लागतो. इथे घराघरात आणि शेडशेडमध्ये गणपतीचं काम चालतं. रंग न दिलेल्या पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगा लांबूनच दिसतात. वीतभर मूर्तीपासून माणसाच्या दुप्पट उंचीच्या मूर्तीपर्यंत सगळे आकार बघायला मिळतात. पेणच्या मूर्तीची खरी ओळख म्हणजे डोळ्यांची आखणी. हे काम सगळ्यात शेवटी आणि कसलेल्या हाताकडेच असतं.

लहान मूर्ती शाडूची होते, पण उंच मूर्तीला शाडू जड पडतो. तो सावकाश वाळतो, त्याला तडा जातो आणि लांबच्या प्रवासात तो टिकत नाही. म्हणून मोठ्या मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, आतून पोकळ आणि काथ्याचा आधार देऊन केल्या जातात. नेमका इथेच आज या गावांचा पोटाचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपी मूर्तींवर बंदी आणली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला वाट मोकळी केली. पुढे जुलैमध्ये, ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं, असं ठरलं. नदी-खाडीत जाणारं प्लास्टर विरघळत नाही हे खरं, आणि या पट्ट्यातली असंख्य घरं याच कामावर चालतात हेही खरं. पाहुण्यांना मूर्ती दाखवताना ही दुसरी बाजूही सांगावी.

कारखान्यात जाण्याआधी परवानगी विचारा. ओल्या मूर्तीला हात लावू नका. गणपतीच्या आधीचा महिना घाईचा असतो. त्याआधी गेलात तर कारागीर बोलायला मोकळे असतात.

२) नागोठण्याचा अरुंद पूल

नागोठण्यात अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. कुलाबा जिल्ह्याच्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमधल्या नोंदीनुसार चौलच्या काझी अलाउद्दीनने तो १५८२ साली बांधला. त्यासाठी ३ लाख रुपये खर्च आला. लांबी ४८० फूट, पण दोन कठड्यांच्या मधली रुंदी जेमतेम १० फूट! दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागणार. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीचा हा पूल आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. पावसाळ्यात अंबेला पूर येतो, तेव्हा पुलाजवळ जाऊ नका.

३) कोलाडला आगगाडीवर चढणारे ट्रक

सुकेळी खिंड आणि खांब मागे टाकलं की कोलाड येतं. इथल्या रेल्वे स्थानकातून कोकण रेल्वेची रो-रो सेवा सुटते. माल भरलेले ट्रक उतारावरून सपाट वाघिणींवर चढतात आणि एका वाघिणीवरून दुसरीवर असे ओळीने पुढे सरकत उभे राहतात. चालक ट्रकसोबतच प्रवास करतो. १९९९ साली कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ही सेवा सुरू झाली. घाटाचा फेरा वाचतो, डिझेल वाचतं आणि टायरची झीजही वाचते. २०२५ च्या गणेशोत्सवात मोटारींसाठीही अशी गाडी ठेवली होती. ट्रक चढताना बघायला मजा येते, पण रूळ ओलांडू नका, बाहेरूनच बघा.

४) दिशा बदललेलं पाणी

कोलाडजवळ कुंडलिकेत उन्हाळ्यातही रबरी तराफ्यांचा खेळ चालतो. मे महिन्यात इतर नद्या आटतात, मग हिला पाणी कुठून? ते येतं घाटावरून. मुळशी धरणाचं पाणी खरं तर मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा वीजकेंद्रात आणलं जातं. १९२७ साली हे केंद्र सुरू झालं. वीज तयार झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतं. वाटेत त्यावर भातशेतीही भिजते. या पाण्याखाली मावळातली गावं बुडाली आणि त्यासाठी १९२१ पासून सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, हेही विसरून चालणार नाही.

पाणी बहुधा सकाळी सुटतं, म्हणून तराफ्याला जायचं तर सकाळीच निघा. पाणी सुटलं की नदी बघता बघता चढते. पात्रातल्या दगडावर बसून फोटो काढायच्या फंदात पडू नका.

५) रोह्यात देवाला पोलिसांची सलामी

कोलाडहून सुमारे १२ किमीवर रोहा. इथलं ग्रामदैवत श्री धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी निघते, तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. इंग्रजांच्या काळापासूनची ही प्रथा आजही चालू आहे. त्यानंतर पालखी शहरभर फिरते. त्या दिवशी गाडी गावाबाहेरच लावा आणि पायी जा.

कधी जायचं?

पाचही गोष्टी एका दिवसात बघायचा हट्ट नको. मूर्ती बघायच्या तर फाल्गुन ते ज्येष्ठ, सलामी बघायची तर दसरा. पूल आणि रो-रो पावसाळा सोडून कधीही. जाताना पेणचे पापड-पोहे रस्त्यालगतच्या दुकानातून घ्या. गाडी थांबली, चार पैसे गावात पडले, तरच या रस्त्याचा गावाला उपयोग. नाहीतर गाड्या येतात आणि धूळ उडवून निघून जातात.