दत्तकाचे दप्तर

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्यापूर्वी १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याच्या गोपाळरावांना खंडेराव गायकवाडांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी मांडीवर घेतले व बडोद्याला सयाजीराव लाभले. या दोघांचे जन्मदाते कोण, हे जाणण्यासाठी कुणाला कोणाचे उंबरे झिजवावे लागले नाहीत. दत्तविधान हा चारचौघांतला संस्कार होता: होम व्हावा, जनक पित्याने मुलाचे दान करावे, भाऊबंदांनी साक्षी घालाव्यात, आणि वतन किंवा इनाम असल्यास सरकारची मंजुरी मिळवून नजराणाही भरावा. वारशाचा तंटा उभा राहिला की हेच कागद उपयोगी पडत. कंपनी सरकारने १८४८ साली सातारच्या गादीचा दत्तक नामंजूर केला, तेव्हाही वाद दत्तकाच्या मान्यतेचा होता. मुलाच्या जन्माविषयी कुणाला तिळमात्र शंका नव्हती.

शास्त्राचीही यात एक गरज गुंतलेली होती. दत्तकाचे गोत्र पालटले तरी जनककुलातील सपिंडांशी त्याचा विवाह निषिद्धच राही, आणि हा निषेध पाळायचा तर मूळ कूळ ठाऊक असणे क्रमप्राप्तच होते.

जन्माचे गुपित राखण्याची रीत निर्माण झाली ती गादी-वतनांपासून फार दूर, विधवांच्या दुःखातून. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला खरा, परंतु कायद्याने दिलेली मुभा उच्चवर्णीय घरांच्या माजघरापर्यंत पोहोचली नाही. फसलेल्या विधवेपुढे विहीर, भ्रूणहत्या किंवा अर्भकाचा त्याग याखेरीज वाट उरत नसे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे असे उघड आवाहन केले. पुढे १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी असाच आश्रम स्थापिला. तीर्थयात्रेच्या निमित्ताने विधवेला घराबाहेर पडता येण्याजोगे ते क्षेत्र, हे ध्यानी घेतले म्हणजे स्थळाच्या निवडीतील शहाणपण कळते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली (ती पुढे सौम्य झाली), आणि त्या प्रकरणावरील गदारोळातून ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा जळजळीत निबंध १८८२ साली अवतरला, यावरून त्या काळी नाव फुटण्याची किंमत काय होती याचा अंदाज यावा. नाव न विचारणे ही तेथे अनास्था नव्हती, ते अभयवचन होते. त्याला आज नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. मात्र वचन मातेला दिलेले होते, आणि ज्याच्या जन्माविषयी ते दिले गेले त्याला विचारण्याची सोयच नव्हती. फुले दांपत्याने विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले तेही लपवून नव्हे. परंतु एवढी छाती किती घरांची असणार?

शिवाय जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे मूल देण्याचा अधिकार केवळ मातापित्यांचा असल्यामुळे पोरक्या मुलाचे कायदेशीर दत्तविधानच होऊ शकत नसे. ती अडचण १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने काहीशी, आणि मातापिता अज्ञात असलेल्या मुलाचाही समावेश करणाऱ्या १९६२च्या दुरुस्तीने पुष्कळशी दूर केली. गंमत अशी की, मूळ कुळात जो विवाह निषिद्ध ठरला असता तो दत्तकासही निषिद्ध, ही अट त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात कायम राहिली. ज्याला आपले कूळच ठाऊक नाही, त्याने ती कशी पाळावी, याचा उलगडा कायदा करीत नाही.

मुंबई-पुण्याच्या संस्थांतून मुले परदेशी जाऊ लागली ती १८९०च्या पालक-पाल्य कायद्याखाली, न्यायालयाच्या हुकुमाने. परदेशांत मात्र मूळ जाणण्याचा हक्क आधीच रुजू लागला होता. स्कॉटलंडात १९३०च्या कायद्याने सतरा वर्षे पुऱ्या झालेल्या दत्तकाला आपला मूळ जन्मदाखला पाहण्याची मुभा दिली. इंग्लंडने हा हक्क १९७५ साली दिला. आपल्याकडे वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या परदेशी दत्तकाविषयीच्या अर्जावर १९८४ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी, सज्ञान झालेल्या मुलाला जन्मदात्यांची माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी असे म्हटले, पण देणे न देणे दत्तक आईबापांच्या मर्जीवर सोडले. पुढे २००३ साली भारताने आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार अंगीकारला आणि मुलाच्या मुळाविषयीची माहिती जतन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले.

सन २०१७च्या दत्तक नियमावलीने मूळशोधाला रीतसर जागा दिली. अठरा वर्षांवरील दत्तकाने स्वतः अर्ज करावा. मूल सुपूर्द करताना मातेने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असल्यास तिची लेखी संमती घ्यावी. ती नाकारली गेली किंवा माता सापडली नाही, तर सुपूर्द करण्याची कारणे व परिस्थिती तेवढी कळवावी. पंढरपूरच्या अभयवचनाचा हा लेखी वंशज होय. फरक इतकाच, की वचन मोडावे की पाळावे हे आता खुद्द मातेला विचारले जाते. त्रयस्थाकरवी शोध घेण्यास मात्र मज्जाव आहे. मातेच्या दारी कुणा भाडोत्री तपासनिसाने जाऊन उभे राहू नये म्हणून तो योग्यच. पण त्यामुळे स्वीडनात किंवा हॉलंडात वाढलेल्या, मराठीचे अक्षरही न येणाऱ्या माणसालाच आपल्या जन्माच्या मराठी कागदांसाठी अर्जदार म्हणून उभे राहावे लागते.