परीक्षा ८६० हकिमांची, चूक अर-राझीची

हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. बगदादमध्ये एका हकिमाच्या चुकीच्या उपचाराने एक माणूस दगावला. बातमी अब्बासी खलिफा अल-मुक्तदिरच्या कानावर गेली. त्याने मुहतसिबला, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, हुकूम दिला की सिनान बिन साबितने परीक्षा घेऊन परवानगी दिल्याशिवाय यापुढे कुणालाही हकिमी करू देऊ नये. सिनानने एकेकाला बोलावलं, प्रश्न विचारले आणि ज्याची जेवढी कुवत, तेवढ्यापुरती मोकळीक दिली. शहराच्या दोन्ही काठांवरचे मिळून ८६० हून जास्त लोक त्याच्यापुढे आले. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अल-किफ्ती आणि इब्न अबी उसैबिया यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

आपल्याकडे ही हकिकत ‘डॉक्टरांची पहिली परीक्षा मुसलमानांनी घेतली’ अशा थाटात सांगितली जाते. ऐकायला बरं वाटतं. पण सांगणारे दोन गोष्टी गाळतात. पहिली अशी की परीक्षा घेणारा सिनान त्या वेळी मुसलमान नव्हता. तो हर्रानच्या साबी पंथातला, प्रसिद्ध गणिती साबित बिन कुर्राचा मुलगा. त्याने इस्लाम स्वीकारला तो नंतर, पुढच्या खलिफाच्या काळात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्यांचं नाव मोठं होतं आणि जे दरबारच्या चाकरीत होते, त्यांना या परीक्षेतून सूट होती.

याच परीक्षेतला एक किस्सा हे चरित्रकार मोठ्या चवीने सांगतात. एके दिवशी उंची कपड्यातला, रुबाबदार म्हातारा सिनानकडे आला. सिनानने त्याला मानाने बसवलं आणि बाकीचे गेल्यावर विचारलं, ‘शेखसाहेब, आपण कुणाकडे शिकलात?’ म्हाताऱ्याने बाहीतून दिनारांची पुरचुंडी काढून पुढे ठेवली. म्हणाला, मला धड लिहिता-वाचता येत नाही, पण बायकापोरं आहेत, माझी रोजीरोटी तोडू नका. सिनानला हसू आलं. त्याने अट घातली की जे कळत नाही त्यात हात घालायचा नाही, आणि साध्या दुखण्याखेरीज रक्त काढायचं नाही की रेचक द्यायचं नाही. म्हातारा म्हणाला, आयुष्यभर मी हेच करत आलोय, सिकंजबीन आणि जुलाब यांच्या पलीकडे कधी गेलोच नाही. (इथला जुलाब म्हणजे गुलाबपाण्याचं गोड सरबत. मराठीत येईपर्यंत या शब्दाचं काय झालं ते आपण जाणतोच.) दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचे म्हातारबाबा. सिनान म्हणाला, त्यांच्याच वाटेने चाल, पुढे जाऊ नकोस.

हा किस्सा लाचखोरीचा पुरावा म्हणूनही वाचता येतो. मला त्यात सिनानचं व्यवहारज्ञान दिसतं. मध-सिरक्याचं सरबत देणारा अडाणी म्हातारा फारसं कुणाला मारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परीक्षेने अज्ञान पकडता येतं आणि त्याला कुंपण घालता येतं. पण ज्याला सगळं येतं, त्याच्या हातून होणाऱ्या चुकीचं काय? सूट मिळालेले तर तेच होते.

इथे अबू बक्र अर-राझी आठवतो. तेहरानजवळच्या रय गावचा, रय आणि बगदाद दोन्हीकडच्या रुग्णालयांचा प्रमुख राहिलेला. तो या परीक्षेच्या काही वर्षं आधी वारला. असता तर त्याला कुणी प्रश्न विचारले नसते. त्याच्या मृत्यूनंतर त्याची टिपणं गोळा करून ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. त्यात त्याने पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत.

त्यातला एक रुग्ण अब्दुल्लाह बिन सवादा. त्याला ताप यायचा, पण त्याची पाळी ठरलेली नव्हती. कधी सहा दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी, कधी चौथ्या, कधी रोज. आधी थोडी हुडहुडी भरायची आणि लघवीला वारंवार जावं लागायचं. अर-राझीचं मत दोन बाजूंनी झुलत राहिलं. हा ताप चौथ्या दिवसाच्या पाळीवर स्थिरावेल, किंवा मूत्रपिंडात गळू असेल. थोड्याच दिवसांत लघवीतून पू आला. तेव्हा त्याने सांगितलं की आता ताप परत येणार नाही, आणि तसंच झालं.

रुग्ण बरा झाला, निदानही शेवटी जुळलं. दुसरा कुणी असता तर नोंद इथेच संपवून स्वतःची पाठ थोपटली असती. अर-राझी मात्र पुढे लिहितो की गळूचं निदान मला आधी ठामपणे का करता आलं नाही. या माणसाला पूर्वीही पाळीचे ताप येऊन गेले होते, त्यामुळे मी त्याच दिशेने विचार करत राहिलो. उभं राहिल्यावर कमरेत जड ओझं लटकल्यासारखं वाटतं, अशी तक्रार त्याने केली नाही. आणि मी ते विचारायला विसरलो.

अर-राझीला मूत्रपिंडाच्या गळूची लक्षणं माहीत होती. सिनानने विचारली असती तर त्याने झोपेतही सांगितली असती. ज्ञान होतं, पण ऐन वेळी ते हाताशी आलं नाही, कारण जुन्या तापाच्या माहितीने मन आधीच एका वाटेला लागलं होतं. अशी चूक कुठल्याही परीक्षेत सापडत नाही. ती फक्त लिहून ठेवली तरच दिसते.

अडाणीपणा आणि निसटलेला हात यांतला फरक आपल्या फिकहनेही केला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. वैद्यकी येत नसताना जो उपचार करेल तो नुकसानीला जबाबदार, या आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिमने तिचा विस्तार करताना हकिमांचे प्रकार पाडले. ज्याला विद्या येते, ज्याने परवानगीने आणि रीतसर काम केलं, त्याचा रुग्ण तरीही दगावला तर त्याच्यावर बोजा नाही. ज्याला काही येत नाही आणि ज्याने रुग्णाला फसवलं, त्याच्यावर पूर्ण बोजा. आणि मधला एक प्रकार म्हणजे जाणकार माणूस, पण हात चुकला. उदाहरण आहे खतना करणाऱ्याचं. पातं जायला नको तिथे गेलं, तर भरपाई द्यावीच लागेल, पण हा गुन्हा ‘खता’ म्हणजे चुकीने घडलेला धरायचा. रक्कम मोठी असेल तर ती एकट्याने नाही, त्याच्या आकिलाने म्हणजे भाऊबंदांनी मिळून द्यायची. जाणकाराने विचारपूर्वक दिलेलं औषधच चुकीचं ठरलं, तर भरपाई बैतुलमालने, म्हणजे सरकारी खजिन्याने द्यावी, असंही एक मत तो नोंदवतो. घरच्यांना पैसे मिळतात आणि हकीम देशोधडीला लागत नाही. न्यूझीलंडने १९७४ मध्ये अपघाताची भरपाई कुणाचा दोष न शोधता सरकारी निधीतून द्यायला सुरुवात केली. त्या योजनेत उपचारातले अपघातही येतात.

पाश्चात्त्य वैद्यकाने हा विषय मोठ्या प्रमाणावर हाती घेतला तो फार उशिरा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं माणसाच्या चुकांवरचं पुस्तक १९९० चं. हात निसटणं, लक्षातून जाणं आणि बेतच चुकणं अशा वेगवेगळ्या चुका त्यांनी ओळखल्या आणि माणसाला बोल लावून त्या थांबत नाहीत हे दाखवलं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अंदाज दिला की तिथल्या रुग्णालयांत वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं टाळता येण्याजोग्या चुकांनी मरतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक पानभर यादी बनवली. रुग्णाचं नाव काय, कुठली बाजू, प्रतिजैविक दिलं का, कापसाचे बोळे मोजले का, हे सगळं मोठ्याने विचारायचं. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होतं. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. यादीतला एकही प्रश्न असा नव्हता की ज्याचं उत्तर सर्जनला ठाऊक नव्हतं. ते सगळे विचारायचे राहून जाणारे प्रश्न होते.

आपल्या मोहल्ल्यांत दवाखान्यात कुणी गेलं की दोनच गोष्टी घडताना मी पाहतो. एक तर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून तोंड मिटून घरी जायचं, नाही तर काचा फोडायच्या. दुसऱ्या प्रकारासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. दोन्ही वेळा नेमकं काय घडलं हे कुणी विचारत नाही. पहिल्या वाटेने गेलेल्यांना ते कळत नाही, आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना आता कुणी सांगणारही नाही. घाबरलेला डॉक्टर अर-राझीसारखं ‘विसरलो’ असं कशाला लिहील?

नवव्या शतकातल्या इसहाक बिन अली अर-रुहावीने ‘अदब अत-तबीब’ या पुस्तकात तिसरी वाट सांगितली आहे. पहिल्या भेटीपासून रुग्णाची अवस्था आणि दिलेलं औषध हकिमाने रोज लिहावं. रुग्ण दगावला तर ते कागद जाणत्या हकिमांपुढे ठेवावेत. उपचार योग्य असेल तर त्याला मोकळं करावं, नसेल तर शिक्षा. ही पद्धत प्रत्येक गावात चालत होती असं समजू नये. पण २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात आपलं सर्वोच्च न्यायालय याच्या जवळ आलं. डॉक्टरवर फौजदारी चालवायची तर निष्काळजीपणा ढोबळ असला पाहिजे, निर्णय चुकणं एवढ्याने भागत नाही, आणि आधी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, असं न्यायालयाने सांगितलं.

ते मत द्यायला कागद लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची नोंद डॉक्टरने तीन वर्षं जपायची असते, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असते. अर्ज साध्या कागदावर केला तरी चालतो. त्याची पोच मात्र घ्यावी.