मुंतखबापासून मोबाइलपर्यंत: छोट्या वकिली ऑफिसनं शोधाचं सॉफ्टवेअर कसं निवडावं?

इतिहासाच्या व्याख्यानमालेत सॉफ्टवेअरचं काय काम, असं विषय वाचून काहींनी विचारलं. तर समोरच्याकडे कोणता कागद आहे, तो कुठं आहे आणि खरा आहे का, हे शोधणं वकिलीइतकंच जुनं आहे. कायद्यात त्याला डिस्कव्हरी म्हणतात. कागदाच्या जागी ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सीसीटीव्ही आले की तीच ई-डिस्कव्हरी होते. आता नांदेडला किंवा लातूरला दोन-तीन वकिलांचं ऑफिस आहे, एक ज्युनियर, एक टायपिस्ट, आणि त्यांना असं सॉफ्टवेअर घ्यायचंय. काय बघून घ्यावं? माझं म्हणणं असं की दरपत्रक मागवण्याआधी आपल्या दप्तराचा इतिहास बघावा.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कोर्टाची आणि महसुलाची भाषा उर्दू, आणि जुन्या मराठी कागदांची लिपी मोडी. ब्रिटिश हिंदुस्थानातली १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता इथं आली ती १९५१ साली. कागद उघड करायला लावणारी ऑर्डर ११ तिच्यातलीच. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लातूर तर ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्यामुळे एकाच शेताच्या दाव्यात इनामाचा मुंतखब उर्दूत, १९५४-५५ चं खासरा पत्रक, नंतरचा सातबारा मराठीत आणि ताजा फेरफार ऑनलाइन, अशी फाइल इथल्या वकिलाला नवी नाही. अमेरिकेत बनलेलं सॉफ्टवेअर बनवताना ही फाइल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

हे किती अवघड आहे, ते २०२३ मध्ये सगळ्या राज्यानं पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी तपासल्या. ऑक्टोबरअखेर सरकारनं सांगितलं, १ कोटी ७२ लाख कागद पाहिले, ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. त्यासाठी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं लागली. त्या आकड्यांवरून जे राजकारण झालं ते बाजूला ठेवू. वकिलाच्या नजरेनं मला प्रश्न पडतो तो वेगळाच: न सापडलेल्या किती?

हाच प्रश्न १९८५ साली अमेरिकेत ब्लेअर आणि मॅरन या दोन संशोधकांनी विचारला होता. एका मोठ्या दाव्यात बचाव पक्षाचे वकील आयबीएमच्या स्टेअर्स नावाच्या प्रणालीत सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे साडेतीन लाख पानं, शोधत होते. आपल्याला हवे त्यातले निदान ७५ टक्के मिळालेत, अशी त्यांची खात्री होती. मोजलं तेव्हा सरासरी २० टक्के निघाले! यंत्र बिघडलेलं नव्हतं. वकील ‘अपघात’ शोधत होते, आणि लिहिणाऱ्यांनी कुठं ‘घटना’ लिहिलं होतं, कुठं ‘अडचण’, कुठं ‘ती परिस्थिती’. आपला माल खराब निघाला हे कोण सरळ लिहून ठेवतो?

आता हे लातूरच्या बाजारात आणून बघा. सोयाबीनच्या सौद्याचा वाद आहे. एका मोबाइलमध्ये ‘माल पाठवला’ असं देवनागरीत आहे, दुसऱ्यात तेच शब्द रोमन अक्षरांत, कुणी ‘पाठिवला’ लिहिलंय, आणि खरा भाव ठरला तो व्हॉइस नोटमध्ये. त्यात टायपिस्टचा संगणक. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं खरेदीखत डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. तुम्ही युनिकोडमध्ये ‘सातबारा’ शोधलं की शून्य निकाल. वकिलाला वाटतं, कागदच नाही. अशा पानाचं चित्र करून ओसीआरनं पुन्हा वाचून घेतलं तर ते सापडू शकतं. टेसरॅक्ट हे फुकट ओसीआर छापील मराठी आणि छापील उर्दू दोन्ही वाचतं. हाताच्या घसटत्या उर्दूपुढे मात्र ते हात टेकतं. मोडीला तर युनिकोडमध्ये जागाच २०१४ साली मिळाली.

शोधण्याचं इतकं. सापडलेलं कोर्टात टिकणं ही दुसरी गोष्ट, आणि त्यावरचा देशाला लागू असलेला निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या खटल्यातून आला. नांदेड-लातूरची अपिलं ज्या औरंगाबाद खंडपीठात जातात, तिथलाच. २०१४ ची विधानसभा, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं आणि नियमही पक्का केला: प्रत हजर करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकानं कोर्टात आणून साक्ष दिली तर त्याची गरज नाही, आणि सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर पक्षकाराला सूट. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल निवडूनही आले होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनं व्यापारी दाव्याची किमान रक्कम १ कोटीवरून ३ लाखांवर आली. म्हणजे डाळ मिलचा साधा वादही आता त्या ऑर्डर ११ च्या कडक रूपात बसू शकतो, जिथं आपल्या विरुद्ध जाणारे कागदही, इलेक्ट्रॉनिकसुद्धा, शपथेवर दाखवावे लागतात. ‘अशिलानं दिलं नाही’ हे तिथं चालत नाही.

मग घ्यायचं काय? रिलेटिव्हिटी, न्युइक्स, एव्हरलॉ ही नावं मोठी आहेत. लाखो ईमेलांच्या दाव्यांसाठी ती ठीक. पुष्कळ ठिकाणी डेटाच्या जीबीवर भाडं असतं, आणि दिवाणी दावा इथं वर्षानुवर्षं चालतो. तीन वकिलांच्या ऑफिसनं त्यात पडू नये असं मला वाटतं. ऑटोप्सी आणि एफटीके इमेजर फुकट मिळतात. प्रत काढणं, हॅश घेणं, शब्द शोधणं एवढं त्यांच्यावर होतं, फक्त ज्युनियरला महिनाभर बसून शिकावं लागेल. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागासाठी तज्ज्ञ मात्र वेगळा गाठावा लागेल.

विकणारा डेमो दाखवायला येईल तेव्हा त्याच्या फाइली बघू नका, आपल्या द्या. निकाल लागलेला एखादा जुना दावा घ्या, अशिलाची परवानगी घ्या, नावं झाका. त्यात कोणते पन्नास कागद महत्त्वाचे होते, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. श्रीलिपीतलं खत, स्कॅन केलेला सातबारा, रोमन अक्षरांतलं चॅट, एक उर्दू पान, एक व्हॉइस नोट, सगळं टाका आणि पन्नासातले किती वर येतात ते मोजा. वीस आले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चाळीस आले तर भावाचं बोला, आणि उरलेल्या दहांसाठी उर्दू वाचणारा माणूस शोधून ठेवा. कोर्टात जुनी कामं केलेली अशी माणसं दोन्ही शहरांत अजून आहेत, पण वयानं थकलेली. आता प्रश्न घेऊ.