हवेची खपची

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. कुंभकर्णापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्या घोरणाऱ्यांकडे आपण त्याच नजरेने, थोड्या चेष्टेने आणि थोड्या हेव्याने, पाहत आलो आहोत. वैद्यकशास्त्राचीही समजूत फारशी वेगळी नव्हती. डॉक्टर रोग्याला पाहतो तो जागेपणी. जी गोष्ट झोपेत बिघडते आणि जाग येताच आपोआप दुरुस्त होते, ती दवाखान्यात दिसणार कशी?

१९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ ५१ वर्षांचे, एका व्यवसायातले वरिष्ठ अधिकारी आणि अतिशय स्थूल होते. दिवसभर त्यांना झोप आवरत नसे. एकदा पोकर खेळताना त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्ते खेळणाऱ्यांना या हाताचे मोल सांगायला नको. पण त्यांचे पैसे लावायचेच राहून गेले, कारण ते झोपले होते! त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ, उभ्या उभ्या झोपणारा पोऱ्या आहे. त्याच्यावरून बरवेल यांनी या विकाराला ‘पिकविक लक्षणसमूह’ असे नाव दिले. पण रात्री या गृहस्थांचे काय होते, हे त्यांच्या उशाशी बसून कोणी पाहिले नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे गुंगी येते, असे स्पष्टीकरण तेव्हा पुरेसे वाटले.

उशाशी बसण्याचे काम १९६५ मध्ये झाले. फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि त्यांचे सहकारी, तर जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो यांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख आणि श्वास रात्रभर एकत्र नोंदवले. रुग्णाचा श्वास वारंवार थांबत होता. तो थांबला की काही वेळाने मेंदूच्या आलेखात जागेपणाची खूण उमटे, मोठा घुरका येई, श्वास सुरू होई आणि पुन्हा झोप लागे. रुग्णाला सकाळी यातले काही आठवत नसे. म्हणजे दिवसा येणारी झोप हा मूळ रोग नव्हता, रात्री न मिळालेल्या झोपेची ती वसुली होती.

श्वास थांबतो तो कुठे? नाकात हाडे आणि कूर्चा आहेत, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घशाचा भाग मात्र नुसत्या मांसाची नळी आहे. गिळणे आणि बोलणे ही कामे तिला करायची असल्याने ती ताठ असून चालत नाही. जागेपणी जिभेचे आणि घशाचे स्नायू तिला उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैलावतात. नळी मुळातच अरुंद असली, तर श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या कमी दाबाने तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. मऊ स्ट्रॉने घट्ट लस्सी जोराने ओढताना तो चपटा होतो, तसेच. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. असा श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला, तर त्याला श्वासरोध म्हणतात. पूर्ण आणि अर्धवट श्वासरोध मिळून तासाला ३० किंवा अधिक झाले, तर विकार तीव्र समजला जातो. सात तासांच्या झोपेत हा आकडा दोनशेच्या वर जातो. ‘स्लीप ॲप्निया’ म्हणजे निद्राश्वासरोध हे नाव १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील गियेमिनो यांच्या कामामुळे रुळले.

उपाय काय? अडथळा घशात आहे, तर त्याच्या खाली दार पाडायचे. १९६९ मध्ये कूलो आणि सहकाऱ्यांनी तेच केले. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. उपाय रामबाण होता. पण ती नळी रोज साफ करावी लागे, दिवसा बोलण्यासाठी छिद्राला बूच लावावे लागे, पोहायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. तीव्र श्वासरोधाच्या रुग्णापुढे दहा-बारा वर्षे हीच निवड होती: गळ्यात भोक, नाही तर रक्तदाब, हृदयविकार आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी.

आता थोडे भौतिकशास्त्र. पेलाभर पाण्यात स्ट्रॉचे टोक पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येतील इतपत फुंका. आपण तोंडात निर्माण केलेला जादा दाब झाला १० सेंटिमीटर पाण्याइतका. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो, म्हणजे ही वाढ जेमतेम एक टक्का. शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा प्रयोग करायला सांगतो, तेव्हा गालांना जाणवणारा फुगीरपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मिटणारा घसा उघडा ठेवायला एवढाच दाब पुरतो.

श्वसनाला मदत म्हणून असा दाब देण्याची कल्पना नवी नव्हती. १९३६ मध्ये लंडनच्या पोल्टन यांनी फुप्फुसात पाणी झालेल्या हृदयरुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली होती. हवा येत होती घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्यातून! १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या, फुप्फुसे नीट न उघडणाऱ्या २० बाळांवर सतत दाबाचा उपचार केला. त्यांपैकी १६ वाचली. पण झोपेत मिटणाऱ्या घशाशी या दाबाचा संबंध कोणी जोडला नव्हता.

तो जोडला ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या कॉलिन सलिव्हन यांनी. त्याआधी ते टोरांटोला फिलिपसन यांच्याकडे झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास करत होते. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र श्वासरोधाचा एक बांधकाम कामगार आला. गळ्याला छिद्र पाडून घ्यायला तो तयार नव्हता, पण एक रात्र प्रयोगाला मात्र तयार झाला. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा ओढण्याऐवजी फुंकेल अशी जोडली आणि नळीने ती हवा त्याच्या नाकात सोडली. दाब हळूहळू वाढवला. एका ठरावीक दाबाला श्वासरोध थांबले. दाब कमी केला की ते परत येत, वाढवला की जात. जणू नळाची तोटी फिरवावी तसे! मग दाब कायम ठेवला आणि तो माणूस रात्रभर सलग झोपला.

एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा निबंध प्रसिद्ध झाला. लागलेला दाब ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका होता. श्वासमार्गाला हवेने आतून दिलेली खपची, असे त्याचे वर्णन लेखकांनी केले. मोडलेल्या हाताला आपण बाहेरून खपच्या बांधतो, ही आतून आणि हवेची. ‘कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर’, म्हणजे श्वासमार्गात सतत राखलेला जादा दाब, या नावाची आद्याक्षरे घेऊन उपचाराला सीपॅप म्हणू लागले.

आमच्या मते या इतिहासातला खरा कठीण भाग इथून पुढे सुरू होतो. पंखा आयता मिळाला. पंखा आणि माणूस यांच्यामध्ये जे बसवायचे, ते मिळेना.

पहिल्या प्रयोगांत नाकपुड्यांत नळ्या घालून भोवती लवकर घट्ट होणारे सिलिकोन रबर भरत. नंतर प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घेऊन त्यावरून काचतंतूंचे कवच बनवू लागले. ते रोज रात्री वैद्यकीय गोंदाने चेहऱ्याला चिकटवायचे आणि रोज सकाळी सोलून काढायचे. कातडीचे काय होत असेल याची कल्पना करावी. तरीही काही रुग्णांनी हे घरी, महिनोन्‌महिने केले, कारण पर्याय गळ्यातले भोक हाच होता. १९८५ पासून अमेरिकेत तयार यंत्रे विकत मिळू लागली. सिडनीत पीटर फॅरेल यांनी १९८९ मध्ये याच कामासाठी कंपनी काढली. गोंद गेला, पट्टे आले.

पट्ट्यांचे गणित सोपे आहे. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम वजनाइतका जोर. नाक झाकणाऱ्या मास्कचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरले, तर हवा त्याला ३०० ग्रॅमच्या जोराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कवर हा जोर दुप्पट-तिप्पट होतो. केवळ नाकपुड्यांशी टेकणाऱ्या रबरी बोंड्यांवर तो जेमतेम ३०-४० ग्रॅम असतो. जितका मास्क मोठा तितके पट्टे आवळावे लागतात, आणि आवळले की नाकाच्या दांड्यावर व्रण पडतो. यावर युक्ती सापडली ती दुहेरी काठाची: आधाराला जाड काठ आणि त्यावर सिलिकोनचा पातळ पापुद्रा. आतली हवाच त्या पापुद्र्याला फुगवून चेहऱ्यावर बसवते. त्यामुळे असा मास्क जास्त आवळला, तर पापुद्रा दुमडतो आणि उलट अधिक गळतो. नव्या रुग्णाला हे पटवणे सोपे नसते.

मग मोठा मास्क घ्यावाच कशाला? कारण काहींचे नाक चोंदलेले असते आणि ते तोंडानेच श्वास घेतात. नाकातून दाब दिला की तो मऊ टाळू आणि जीभ पुढे ढकलून वाट मोकळी करतो, पण तोंड उघडे राहिले तर हवा तिथून निसटते, दाब पडतो आणि नाक कोरडे पडते. अशांना नाक-तोंडाचा मास्क किंवा हवा दमट करणारे भांडे लागते. नाक-तोंडाच्या मास्कचे पट्टे खालचा जबडा मागे रेटतात. त्यामुळे कधी कधी दाबच अधिक लागतो, म्हणून शक्य असेल तिथे सुरुवात नाकाच्या मास्कने करतात. आपल्याकडे भरघोस मिशीचा प्रश्न वेगळाच: केसांवर पापुद्रा बसत नाही. अशा वेळी नाकपुड्यांची बोंडे बरी पडतात. काही मास्कांच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी त्या टाळाव्यात.

मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे असतात. त्यांतून मिनिटाला २० ते ४० लिटर हवा सतत बाहेर जाते आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाहून नेते. ‘हवा गळते’ म्हणून ती छिद्रे चिकटपट्टीने बुजवणे घातक आहे. वीज गेली की पंखा थांबतो. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते. नाक-तोंडाच्या मास्कला मात्र अशा वेळी आपोआप उघडणारी झडप लागते.

मास्क बसवून पाहायचा तो आडवे होऊन, हवा चालू करून. बसल्या जागी बेतलेला मास्क आडवे होताच गाल सरकल्याने गळू लागतो. पहिले काही दिवस दिवसा, जागेपणी, वाचताना तो अर्धा तास लावण्याची सवय करतात. दाब किती हवा हे पूर्वी प्रयोगशाळेत रात्र जागून ठरवत. १९९० च्या दशकात श्वासानुसार दाब स्वतः बदलणारी यंत्रे आली. ती घडवणारे बर्थन-जोन्स १९८१ च्या निबंधाचे सहलेखक होते.

एवढे करूनही रुग्ण मास्क लावतो का? १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत मोजणी करणारे साधन बसवले. ७० टक्के दिवस किमान चार तास वापर करणारे निम्म्याहून कमी निघाले. रुग्ण स्वतः सांगत होते तो आकडा मोठा होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातलेही रुग्ण होते, २,७१७ जणांचा अभ्यास झाला. सीपॅपमुळे दिवसाची झोप आणि घोरणे कमी झाले, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. त्यात सरासरी वापर होता रात्री ३.३ तास! उपचार निष्प्रभ की मास्क अर्ध्या रात्री काढलेला, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. प्रश्न परदेशापुरता नाही. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण १९.५ टक्के होते. त्यासोबत दिवसा झोप येणारे, म्हणजे खरे रुग्ण, ७.५ टक्के होते.

शिक्षकांचा या विषयाशी संबंध मात्र याहून जुना आहे. १८८९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्यम हिल यांनी मुलांच्या मागे पडण्याची आणि मंदपणाची काही कारणे सांगणारा लेख लिहिला. तोंडाने श्वास घेणारी, रात्री घोरणारी, वर्गात मंद वाटणारी मुले त्यांनी वर्णिली होती. नाकामागच्या गाठींमुळे त्यांचा श्वास अडत होता. १९७६ मध्ये गियेमिनो यांनी आठ मुलांतील निद्राश्वासरोध नोंदवला, तेव्हा या जुन्या निरीक्षणाला आलेखांचा आधार मिळाला. मोठ्यांसारखी ही मुले पेंगतीलच असे नाही. अनेकदा ती उलट चुळबुळी, चिडकी आणि लक्ष न लागणारी होतात. बहुतेकांना मास्क लागत नाही, टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्या की भागते. ज्यांना लागतो, त्यांच्या बाबतीत वर मांडलेले पट्ट्यांचे गणित पुन्हा आडवे येते. वाढत्या हाडांवर वर्षानुवर्षे रोज रात्री पट्टे आवळले, तर चेहऱ्याचा मधला भाग दबून राहू शकतो. म्हणून मुलांचा मास्क वाढीबरोबर बदलावा लागतो आणि चेहऱ्याची मापे ठरावीक काळाने घ्यावी लागतात.