सरळ बॅट मैदानाने शिकवली

सरळ बॅट, स्थिर डोकं, चेंडूच्या रेषेत पाय. बॅटिंगची बाराखडी एवढीच. मग मुंबईनेच ती इतकी घोटली कशी? माझं मत सांगतो, मैदानांनी घोटून घेतली.

1948 साली डॉ. कांगा यांच्या नावाने लीग सुरू झाली, तीही भर पावसाळ्यातली. खेळपट्टी ओली आणि उघडी. एक चेंडू थांबून येणार, दुसरा उसळणार. बॅट अंगापासून लांब गेली की झेल गेलाच! म्हणून पोरं चेंडू उशिरा, डोळ्यांखाली, हात सैल ठेवून खेळायला शिकली.

शिवाजी पार्कात आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करेल त्याचं नाणं, नाहीतर सचिनचं. विकेटची किंमत अशी कळायची. 1958-59 ते 1972-73 सलग 15 वेळा रणजी करंडक मुंबईकडे राहिला, तो या शिस्तीवरच.

आणि हे सगळं घडलं सार्वजनिक मैदानांवर.

आज आमच्या भागातली पोरं तासाचं भाडं भरून जाळीतल्या टर्फवर खेळतात. सहा ओव्हर आणि हाताच्या अंतरावर बाउंड्री. तिथे बचाव कोण शिकणार? दोष पोरांचा नाही, राव. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, तो तर बाहेरूनच बघतो.

मत मागायला कुणी दारात आलं, की एकच विचारा: आमच्या वॉर्डातलं मोकळं मैदान कुठे आहे?