‘ड्यूटी’ : एका बुशेल कोळशाचा हिशेब

औष्णिक वीजकेंद्रांविषयीच्या बातम्यांत ‘हीट रेट’ हा शब्द वारंवार येतो. एक युनिट वीज निर्माण करताना किती किलोकॅलरी उष्णता खर्ची पडली, हे तो सांगतो. या कल्पनेचा पूर्वज शोधू गेल्यास इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलच्या खाणींपर्यंत जावे लागते. तेथे बाष्पयंत्राचा कस एका शब्दाने सांगितला जाई : ‘ड्यूटी’. ही पोलिसाची ड्यूटी नव्हे, की बंदरावरची जकातही नव्हे. एक बुशेल कोळसा जाळून यंत्राने जितके पौंड पाणी एक फूट उंच उचलले, ती संख्या म्हणजे त्या यंत्राची ड्यूटी.

अश्वशक्ती आणि ड्यूटी यांची गल्लत आजही होते. अश्वशक्ती ही कामाची गती आहे; मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. त्यासाठी कोळसा किती लागला, याविषयी ती मौन पाळते. ड्यूटीला वेळेशी देणेघेणे नाही. संथ पण काटकसरी यंत्राची ड्यूटी मोठी, आणि दणदणीत पण खादाड यंत्राची लहान.

कॉर्नवॉलला हा हिशेब जिव्हाळ्याचा का वाटावा? तेथे कथील आणि तांबे होते, कोळसा नव्हता. तो वेल्समधून जहाजाने येई. खाण खोल गेली की पाणी साचे, आणि पाणी उपसण्याचा खर्च खनिजाच्या किमतीहून वाढला की खाण बंद पडे. जॉन स्मीटनने १७६९च्या सुमारास न्यूकॅसल परिसरातील १५ न्यूकोमेन यंत्रे तपासली. त्यांची सरासरी ८४ पौंडांच्या बुशेलमागे सुमारे ५५ लाख ९० हजार भरली. जेम्स वॅटने वेगळा संघनक जोडून कोळशाची मोठी बचत साधली आणि मोबदला म्हणून बचतीचा एक तृतीयांश हिस्सा मागितला. ड्यूटीचा आकडा आता थेट पैशात बदलत होता. खाणमालकांना तो हप्ता जाचक वाटला, खटले झाले. १८०० साली वॅटचे पेटंट संपले तेव्हा कॉर्नवॉलमध्ये सुटकेचा नि:श्वास टाकला गेला, पण देखरेख सैल झाली आणि यंत्रांची कामगिरी घसरली.

१८११ मध्ये जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाने दरमहा एक अहवाल छापण्यास प्रारंभ केला. कोणत्या खाणीत कोणते यंत्र, सिलिंडर केवढा, कोळसा किती, ड्यूटी किती, हे सारे उघड. यंत्राचे ठोके कुलूपबंद गणकयंत्र मोजी. एका अभियंत्याची युक्ती दुसऱ्याला दिसू लागली : उच्च दाबाची वाफ वापरणे, सिलिंडर थोडा भरताच वाफ तोडून उरलेले काम तिच्या प्रसरणावर सोपवणे, उष्णता निसटू नये म्हणून सिलिंडर आणि नळ्यांना आवरण घालणे. पेटंटच्या पंचवीस वर्षांत जे झाले नाही, ते या उघड्या वहीने काही दशकांत घडवले. सरासरी ड्यूटी तिपटीहून अधिक झाली. १८३५ मध्ये फोवी कन्सोल्स खाणीतील ऑस्टिनच्या यंत्राने चाचणीत साडेबारा कोटींची ड्यूटी दिली. येथे बुशेल ९४ पौंडांचा होता, हे तुलना करताना विसरून चालत नाही.

आजच्या भाषेत, ९४ पौंड उत्तम कोळशात सुमारे १,३६० मेगाज्यूल ऊर्जा असते. दहा कोटींची ड्यूटी म्हणजे सुमारे १३६ मेगाज्यूल काम, अर्थात दहा टक्के कार्यक्षमता. स्मीटनच्या यंत्रांची कार्यक्षमता एका टक्क्याहूनही कमी निघते. मात्र हे गुणोत्तर कॉर्नवॉलचे अभियंते मांडू शकत नव्हते. उष्णता आणि काम एकाच मापाने मोजता येतात, हेच तेव्हा ठाऊक नव्हते.

ते दाखवणारा जेम्स ज्यूल ड्यूटीच्याच भाषेत विचार करत होता. १८४१च्या सुमारास विद्युत-चुंबकी यंत्राचा हिशेब मांडताना बॅटरीतील एक पौंड जस्तामागे त्याला सुमारे ३ लाख ३१ हजार फूट-पौंड मिळाले. कॉर्नवॉलचे उत्तम यंत्र एक पौंड कोळशामागे सुमारे १५ लाख देत होते. जस्त महाग, काम चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ज्यूल हताश झाला आणि काम व उष्णता यांच्या नात्याकडे वळला. १८५० मध्ये त्याने दिलेला ७७२ हा आकडाही फूट-पौंडातच आहे.

हा शब्द भारतात आजही जिवंत आहे, पण पाटबंधाऱ्यांत. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी ‘ड्यूटी’ आणि ‘डेल्टा’ शिकतो. पीककाळभर अखंड वाहणाऱ्या एक घनमीटर प्रतिसेकंद प्रवाहावर किती हेक्टर भिजतील, ती पाण्याची ड्यूटी. कोळशाच्या जागी पाणी आले, तरी खर्चाच्या मापामागे किती फळ, हा प्रश्न तोच राहिला.

बाष्पयंत्राच्या ड्यूटीत दोन उणिवा होत्या. उचललेले पाणी प्रत्यक्ष मोजत नसत; पंपाचा आकार आणि ठोके यांवरून ते काढत, त्यामुळे गळती हिशेबात येत नसे. आणि सर्व कोळसा सारखाच धरला जाई. दुसरी उणीव भारतात फार महागात पडली असती. येथील वीजकेंद्रांच्या कोळशात राख अनेकदा तीस ते चाळीस टक्के असते. वेल्सच्या उत्तम कोळशाच्या जवळपास निम्मीच उष्णता त्यातून मिळते. वजनावर मोजल्यास उत्तम यंत्रही येथे नापास ठरेल. हीट रेट कोळशाचे वजन नव्हे, त्याची उष्णता मोजतो : ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, म्हणून २,४०० हीट रेटचे केंद्र सुमारे ३६ टक्के कार्यक्षम.