फाइल-देवाणघेवाण सॉफ्टवेअर : निर्मात्याचे प्रताधिकार-दायित्व

फाइल-देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमधून कोणी पुस्तक, गाणे वा चित्रपट विनापरवाना वाटल्यास ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये अशा निर्मात्यासाठी स्वतंत्र कलम नाही. हत्याराविषयीचे जवळचे कलम ६५ छापखान्याच्या काळातले आहे : बेकायदा प्रती काढण्यासाठी जाणूनबुजून ‘प्लेट’ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. प्लेटच्या व्याख्येत दगड, साचा आणि प्रती काढण्याचे उपकरणही येते. सॉफ्टवेअर तीत बसवणे ओढाताणीचे आहे. खरा आधार कलम ६३ मधील ‘अपप्रेरणा’ या शब्दात सापडतो. जाणूनबुजून उल्लंघन करणारा आणि त्यास अपप्रेरणा देणारा, दोघेही तेथे गुन्हेगार ठरतात. म्हणजे प्रश्न हत्याराचा नसून हेतूचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉक्स्टर या फाइल-देवाणघेवाण सॉफ्टवेअरच्या निर्मात्याविरुद्धच्या खटल्यात (२००५) एकमताने हेच धरले. नॅप्स्टर या आधीच्या फाइल-देवाणघेवाण सेवेच्या जुन्या ग्राहकांना ओढण्याचा प्रयत्न, बेकायदा फाइली अडवणाऱ्या गाळणीचा (फिल्टरचा) अभाव आणि वापर वाढेल तसे वाढणारे जाहिरात-उत्पन्न, या तिन्हींवरून तेथे हेतू दिसला. गाळणी नसणे एवढेच मात्र पुरेसे नाही, असेही न्यायालयाने बजावले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात असाच विचार केला : समान हेतू वा पूर्वनियोजित कट नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन जबाबदार नाही. प्रकरण प्रताधिकाराचे नव्हते. तरीही निव्वळ साधन हाती असण्याने दोष लागत नाही, हे सूत्र येथे लागू करण्यासारखे आहे. छोट्या मराठी प्रकाशकाने पीडीएफ पाठवणाऱ्या प्रत्येकामागे कसे धावायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(ग) मध्ये उपाय दिला : लेखी तक्रारीनंतर सेवाचालकाने एकवीस दिवस वा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत ती प्रत रोखायची. पण स्वतःकडे काहीच न साठवणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे हा उपाय लंगडा पडतो. तेथेही निर्मात्याला सरसकट पकडल्यास कापूस-सोयाबीनचे सल्लापत्रक पाठवणारा वैध वापरही बंद पडेल. म्हणून जाहिरात, अंतर्गत पत्रव्यवहार आणि उत्पन्नाचा स्रोत हेच पुरावे तपासणे योग्य.

शिक्षा : सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड (कलम ६३).

दावा : कलम ६२ प्रमाणे, उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद वा वणीचा हक्कधारक आपल्याच जिल्हा न्यायालयात दाखल करू शकतो.